चंद्रीची कोरडी भाकर

लिही पोरी, भिकुबाईचं लिही. एरंडोलला आपल्या भिंतीला भिंत लागून राहायची. माहेर बोदवडचं, नवरा लवकर गेला, पोर ना बाळ. निंदणी-खुरपणी करून एकटी पोट भरायची. बाई वाईट नव्हती, पण मी तिच्यावर लई जळायची. का, ते सांगते.

तुझा बाप तव्हा चौथीत व्हता. आपल्याकडं चंद्री नावाची मांजर व्हती. म्हशीची धार काढली का मातीच्या परळात दूध, त्यात भाकर कुस्करून तिला. त्या उन्हाळ्यात म्हैस आटत चालली. मंग मी चंद्रीला हळूहळू कोरड्यावर आणायला लागली. आज दुधात निम्मं पाणी, उद्या नुसता दुधाचा हात. आठव्या दिवशी कोरडी भाकर चुरली नि गोठ्यात परळ सरकवलं. तिनं हुंगलं, सावत्र मायकडं पाहावं तसं माझ्याकडं पाहिलं, आनि घराच्या सपाट धाब्यावरून गेली भिकुबाईकडं. मंग रोजच जायला लागली. मिशा चाटत परत यायची.

भिकुबाईची बकरी व्हती. माझं टाळकंच फिरलं. हापशावर गाठलं तिला.

"काय वं, माझ्या मांजरीला दूध पाजून फितवते का?"

"अक्का, माझी बकरी गाभण शे. दूध कोठलं? कोरडी भाकर खाते ती."

"माझ्याकडं तोंड वाकडं करते, नि तुझ्याकडं कोरडी खाते?"

"मंग तिलेच इचारा ना!"

साऱ्या बाया हसल्या.

मला काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी बिबडे-पापड वाळत घालायच्या निमित्तानं धाब्यावर चढली नि तिच्या घराच्या धूर जायच्या भोकातून खाली डोकावली. भिकुबाई जेवत बसलेली. एक घास स्वतःच्या तोंडात, एक चंद्रीपुढं. "खाय माय, खाय." भाकर खरंच कोरडी. दूध असतं तर मीबी बकरी आणली असती. या संगतीच्या घासाला काय आणू?

एकट्या बाईला कव्हाबी जेवता येतं. आपल्या घरात आधी बाप्यामाणसं, मंग सासू, शेवटी मी. तवर चंद्री तिकडं जेवून मोकळी!

मंग एक दिवस पहिली भाकर तव्यावरून उतरवली, परळ ताटाला लावून ठेवलं नि बसली जेवायला. सासू दारातच थिजली.

"माणसं वावरात, नि तू आधी गिळस?"

"चंद्रीला कोरडं खायला शिकवते."

"लाज शे का काही?"

नव्हती. मी बोलणी खाल्ली, भाकर खाल्ली. चंद्रीनंबी खाल्ली. भिंतीपलीकडून "चंद्री, ये माय" अशी हाक आली. मी तोंडातला घास तसाच धरला. चंद्रीनं एक कान हलवला, उठली नाही. इतकी गोड भाकर मला जन्मात लागली नव्हती.

मंग तिनं मिशा चाटल्या, अंग ताणलं आनि गेली धाब्यावरून, भिकुबाईच्या वाकळीवर, तिच्या कुशीत झोपायला.

जेवायला मी आधी बसली, पोरी. पण भर दुपारी झोपणारी सून कोणत्या घरात चालते, सांग?