खुर्सामायने न विचारलेला प्रश्न

खुरीस कोणी मोडला, हे खुर्सामायने कधीच कुणाला विचारलं नाही. पार्से गावात आमच्या वाड्याच्या वळणावर चुन्याने रंगवलेला तो छोटा क्रूस, आमच्या बोलीत खुरीस. त्याची देखभाल तिच्या घराकडे, म्हणून सगळा वाडा, आम्ही हिंदूसुद्धा, तिला खुर्सामाय म्हणायचो. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा उजवा हात तुटून खाली पडलेला दिसला. तिने तो पदराने पुसला, दुपारी घमेल्यात सिमेंट कालवलं आणि स्वतःच जोडला. जोड वाकडा बसला. नवा क्रूस बसवू म्हणून लोक मागे लागले, तर म्हणाली, "माजोय हात मोडिल्लो. माका बदललें?"

ती रोज पहाटे चालत चर्चमध्ये मिसेला जायची. पाऊस असो, गुडघा सुजलेला असो. एकदा मी टेम्पोतून सोडतो म्हटलं, तर नको म्हणाली. एवढं जाऊन देव काही बोलतो का, असं मी गमतीने विचारलं. तिला राग आला नाही. "खंय बोलता? चाळीस वर्सां जालीं, ओगीच. मन लागता तेन्ना कोणूय मागता, पुता. लागना तेन्ना मागपाचें." देव चाळीस वर्षं गप्प, तरी मन लागत नसतानाच प्रार्थना करायची, हे मला कोडंच वाटायचं. उत्तर येत नसताना माणूस त्याच दारात रोज का जातो?

मे महिन्यात खुरसापाशी लादाइन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, व्हायची. मेणबत्त्या, कोंकणी गाणी, शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. आम्ही शेजारी मागे बाकावर बसायचो. क्रूस मोडला त्या वर्षापासून तिने एक भर घातली. सगळं संपलं की म्हणायची, आता एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना ज्याने खुरीस मोडला त्याच्यासाठी, त्याचं बरं होवो. शेजारची शेवंती एकदा हसून म्हणालीच, "माय, हात झडोत म्हण की त्याचे." मायने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी हातातल्या चण्यांकडे मोजत असल्यासारखा बघत राहिलो.

कारण तो मीच. तेव्हा मी जांभ्या चिऱ्यांचा टेम्पो चालवायचो. उजाडायच्या सुमारास वळणावर टेम्पो मागे घेताना खुरसाला धक्का बसला. आरशात पाहिलं, रस्त्यावर कोणी नव्हतं, निघून गेलो. लहानशी गोष्ट, लगेच सांगितली असती तर लहानच राहिली असती. नऊ लादाइनी मी माझ्याच नावाची प्रार्थना ऐकली आणि चणे खाल्ले.

दहाव्या वर्षी लादाइनीच्या आदल्या दिवशी गेलो. ती ओसरीवर काजूच्या बिया निवडत होती. उभ्या उभ्याच म्हणालो, "माय, खुरीस मी मोडलेला."

"खबर आसा," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. खाली तांबडी पूड सांडलेली होती म्हणे, आणि वाड्यावर चिऱ्यांचा टेम्पो एकच.

मला बसायला सांगून तिने सूप बाजूला ठेवलं. "पयलीं तीन वर्सां तोंडान म्हणटालें, ताचें बरें कर. मनांत म्हणटालें, ताचो हात झडूं. तूं बाकार बसून चणे खातालो, आनी हांव तुका शाप दितालें. तरी म्हणत रावलें. चवथ्या वर्सा तोंड आनी मन एक जालें." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "तीं तीन वर्सां तूं माका माफ कर, पुता."

मी माफी मागायला गेलो होतो. ती माझ्याकडेच मागत होती. तिने घाई केली नाही, पण वाट पाहत होती, हे दिसत होतं. चहा आला, मी प्यायलो, आणि येतो म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी लादाइनीत तिने तीच प्रार्थना म्हटली, माझ्याकडे न बघता. त्यानंतर दोन वर्षं आम्ही रोज भेटलो. पाऊस, काजू, तिचा गुडघा, सगळं बोललो. तेवढं सोडून.

गेल्या जानेवारीत ती गेली. सिमितेरीत, दफनाच्या वेळी, सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो आणि म्हणालो, "केलं, माय." शेवंती मागे होती. तिने विचारलं, काय केलंस रे?

तिथेच, सगळ्यांसमोर, मी तिला मोडलेल्या खुरसापासून मायने मागितलेल्या माफीपर्यंत सगळं सांगितलं.