सागरचं ‘येतो’

आज सकाळी इराची बॅग भरताना कपाटात तिचा बेसबॉलचा जुना ग्लव्ह सापडला. कातड्याचा तो तेलकट वास नाकात शिरला आणि मी मनाने इथल्या ईस्ट कोस्टजवळच्या मैदानावर जाऊन बसले.

इरा तेव्हा आठ वर्षांची होती. आमच्या स्थानिक संघात चेंडू टाकणारा पिचर होता पुण्याचा सागर. त्याच्यासाठी आम्ही चार-पाच मराठी घरं दर रविवारी घसा बसेपर्यंत ओरडायचो. हंगामाबरोबर त्याचा करारही संपला. सेरंगूनच्या आमच्या घरी जेवायला आला आणि निघताना बूट घालत म्हणाला, “येतो, वहिनी.” पुढच्या हंगामातही तोच टाकणार, असं मी इराला छातीठोकपणे सांगितलं.

नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्याला तो आला, पण समोरच्या संघाचा निळा शर्ट घालून. आमच्यातलं कुणी टाळी वाजवेना, कुणी हुर्यो करेना. चकल्यांचा डबा मांडीवर तसाच राहिला.

“करार संपला होता, तो मोकळाच होता,” नवरा पुटपुटला.

“आई, क्लॅप करायचं की नाही?” इराने विचारलं. मी डब्याचं झाकण उघडून परत लावलं. मग तीच इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, “येतो म्हणाला होता ना? आला, लाह.”

निघताना ‘जातो’ म्हणू नये, म्हणून बिचारा ‘येतो’ म्हणाला होता, एवढंच. आता त्याचा राग येत नाही.

दुपारी विमानतळावर, शिकायला परदेशी निघालेली इरा आत शिरताना वळून म्हणाली, “येते, आई.” तो शब्द मीच तिला शिकवलेला. तरी तिने वचन दिलं की नुसता निरोप घेतला, ते मला कळेना.