बॉयलरच्या गाद्या

नागपूरला उतरलो तेव्हा जानेवारीची थंडी होती. या भागात वीजकेंद्रे आणि कारखाने वाढत आहेत. वाफेच्या नळांची उष्णता कोंडून ठेवणाऱ्या आवरणांना पूर्वी कधी नव्हती एवढी मागणी आहे. ती कोण तयार करते, हे मला एका लेखासाठी पाहायचे होते.

इतवारीत हातगाड्या चुकवत गादीवाल्यांच्या गल्लीत शिरलो. निम्मी दुकाने बंद होती. एका म्हाताऱ्याने कारण सांगितले, "सारे खाप्याकडं गेले जी. मानसाच्या गाद्या कोन शिवते आता? बॉयलरच्या शिवून राहिले."

एसटीने खापा गाठले. कन्हान नदीजवळ एका ठेकेदाराची पत्र्याची शेड होती. कारागीर मांडी घालून, लांब सुयांनी जाड गाद्या शिवत होते. काहींत पिवळी काचेची लोकर भरलेली, काहींत पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. रामाजी नावाच्या पन्नाशीच्या कारागिराने शिवलेली गादी जुन्या सवयीने झटकली.

"पिवळं बोचते जी," तो म्हणाला. "पांढरं पाहा, कापसाहून मऊ."

दुपारी त्याने मला घरी जेवायला नेले. भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. रामाजीला ठसका लागला.

"पाहुण्यासमोर तरी खोकू नका जी," त्याची बायको कौसल्याबाई म्हणाली.

"तुह्या चटणीनं खोकलो वं!"

त्यांची पोट्टी (मुलगी) शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या खांद्यावर येणाऱ्या बाळासाठी शिवलेले लाल दुपटे होते. पहिल्या नातवंडाचे दुपटे आजोबाने स्वतः भरायचे, अशी या घरातली रीत.

"कापूस नाही भरला, पांढरं भरलं," रामाजी अभिमानाने म्हणाला. "बॉयलरची गरमी धरते, मंग लेकराले थंडी वाजन काय?"

मुंबईच्या एका कारखान्यातील डॉक्टरांनी मला सांगितले होते की पिवळे कातडीला त्रास देते. पांढऱ्याचे बारीक तंतू छातीत जाऊन बसतात आणि काही वर्षांनी श्वास आखडतो. मी तसेच सांगितले.

कौसल्याबाईने लेकीच्या खांद्यावरून दुपटे उचलले, धूळ उडू नये म्हणून बादलीत बुडवले आणि परसात खड्डा खणून पुरले. रामाजी जागचा हलला नाही.

"लेकराचं झालं जी," तो म्हणाला. "मंग चार सालांपासून आमच्या छातीत काय गेलं असंल?"

शेडची घंटा झाली, तसा तो उठला.

"नाकाले ओलं फडकं बांधलं तर चालन काय?"

"डॉक्टरांना विचारून कळवतो," मी म्हणालो.

मुंबईला परतल्यावर विचारले. फडक्याने भागणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. वाढत्या मागणीवरचा माझा मजकूर त्याच आठवड्यात पुरा झाला. खाप्याला पाठवायचे पोस्टकार्ड मात्र लिहून होईना. रामाजीला अक्षरओळख नाही. ते शेवंताच वाचून दाखवणार. तीन कार्डे फाडली. चौथ्यावर डॉक्टरांचे वाक्य होते तसे लिहिले आणि टपालपेटीत टाकले.