मोरीता मॅडमचा कोंडा

वॉचमनने आमच्या कामवाल्या सुमनबाईंना अडवलं ते गेस्ट हाउसमध्ये येताना. जाताना पिशव्या तपासायची पद्धत होती, येताना नाही. पण पिशवीला आंबूस वास येत होता म्हणून त्याने ती उघडायला लावली. आत मोरीता मॅडमचा डबा निघाला. बारा दिवसांपूर्वी मीच फेकून द्यायला सांगितलेला.

मी तेव्हा कंपनीचा गेस्ट हाउस इनचार्ज होतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्या साहेबांच्या राहण्याजेवणाची सोय बघणारा माणूस. नव्वदचं दशक सरत आलं होतं. अंबडच्या फॅक्टरीत नवीन मशिन बसवायला मोरीता नावाचे जपानी इंजिनियर सपत्नीक आले होते आणि गंगापूर रोडच्या आमच्या गेस्ट हाउसवर राहत होते. साखरेपासून साबणापर्यंत सगळ्यावर माझा संशयी डोळा असे. त्याचा मला अभिमानही होता.

मॅडम स्वयंपाक स्वतः करत. मराठी त्यांना तीनच शब्द यायचे: ताजं, नको, उद्या. तेवढ्यावर त्या सुमनबाईंना घेऊन गोदाकाठच्या भाजीबाजारात जायच्या. थंडीत मुळा मंद आचेवर शिजवायच्या, वाटाणे आले की वाटाण्याचा भात करायच्या. हंगाम सरला की ती भाजी स्वयंपाकघरात येत नसे. उन्हाळा लागला तसा त्यांनी भाताचा कोंडा मागितला. तो सुमनबाईंनी हरसूलच्या गिरणीतून आणून दिला. मॅडमनी तो भाजून जपानहून आणलेल्या जुन्या कोंड्यात मिसळला. मीठ-पाणी घालून डब्यात भरला, त्यात काकड्या, वांगी लोणच्यासारखी मुरायला पुरू लागल्या आणि रोज कोपरापर्यंत हात घालून ढवळू लागल्या.

माझा विश्वास बसेना. कोंडा गुरं खातात. आत नक्की मासळी असणार, असं मी मनात पक्कं केलं.

मे महिन्यात दोघं पंधरा दिवसांसाठी जपानला गेले. डबा फ्रिजमध्ये राहू द्या, असं मॅडमनी खुणेने बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, डायरेक्टर मुक्कामाला येतायत. ते लसूणही न खाणारे. मी फ्रिज उघडला, वास आला आणि सुमनबाईंना हाक मारली.

"हे आजच्या आज फेका."

"साहेब, कोंडाच हाय तो. मासळी नाय. मीच आणला ना."

"फेका म्हटलं ना?"

त्या डबा घेऊन गेल्या. विषय संपला, असं मी धरलं.

आणि आता हा डबा परत आला होता. बाई तो घरी का घेऊन गेल्या? परत का आणला? त्याच संध्याकाळी मोरीता येणार होते. मी जीएम साहेबांना फोन लावला.

"गेस्टची वस्तू घरी नेली?" ते म्हणाले. "मॅडमनी एका शब्दाने तक्रार केली तर बाईंना उद्यापासून बंद करा."

फेकायला मी सांगितलं होतं, हे मी त्यांना बोललो नाही. आजही त्याची लाज वाटते. सुमनबाईंच्या एकट्या पगारावर घर चालायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी मॅडम बॅगा तशाच सोडून स्वयंपाकघरात गेल्या. डबा ओट्यावर होता. झाकण काढून त्यांनी वास घेतला, चिमूटभर कोंडा जिभेवर ठेवला आणि नवऱ्याशी काहीतरी बोलल्या.

मोरीता साहेब इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, याला दुसऱ्याचा हात लागलाय. शिवाय यात मोहरी आहे. कुणी घातली?"

मी सुमनबाईंकडे बघितलं. त्या पुढे आल्या.

"मी घातली. दोन दिवसांत वर पांढरं धरलं. ते काढलं, मोहरी कुटून घातली, मीठ घातलं. लोणच्याला नाय का घालत? माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवला व्हता. सकाळ-संध्याकाळ हात फिरवला, मॅडम फिरवतात तसा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम खाली वाकल्या, पार कमरेतून. सुमनबाई घाबरून मागे सरकल्या. मग साहेबांनी समजावलं. जुना कोंडा मॅडमच्या आईच्या घरचा होता. आई वारली, डबा मुलीकडे आला. उन्हाळ्यात न ढवळता बाहेर राहिला असता तर मेलाच असता. मोहरी त्यांची आईही घालायची.

पुढचा प्रश्न येणारच होता. "पण तो तर फ्रिजमध्ये होता ना?" साहेबांनी विचारलं.

सुमनबाई डब्याला झाकण लावू लागल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांना ते सांगून टाकणं किती सोपं होतं! म्हणूनच मला बोलावं लागलं.

"मी काढायला लावला. फेकायला सांगितलं होतं. मला वाटलं, मासळी आहे."

मॅडमनी भाषांतराची वाट बघितली नाही. माझा चेहरा पुरेसा होता. त्या मला एकच शब्द म्हणाल्या, "उद्या."

रात्रभर मी त्याचा अर्थ लावत बसलो. सकाळी टेबलावर मुरलेल्या काकडीच्या चकत्या, साधा भात आणि पाट मांडावा तशी माझ्यासाठी मांडलेली खुर्ची. खावं लागलं. आंबट, खारट, कुरकुरीत. मासळीचा लवलेश नाही.

जीएम साहेबांना मी खरं सांगितलं. सुमनबाईंची नोकरी राहिली, मला मेमो मिळाला. मोरीता गेले तेव्हा मॅडम अर्धा कोंडा सुमनबाईंना देऊन गेल्या. मला काही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढे चौदा वर्षं नोकरी केली. कुणालाही काही फेकायला सांगण्याआधी मी एकदा त्यात बोट बुडवून बघायचो.