आले, आले

आत्या दूरच्या एका शहरात कपडे अल्टर करायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कुणी बेल वाजवली की ती मशीनवरूनच ओरडायची, "आले, आले. दार मोडू नका." गिऱ्हाइकांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण आत्याने कधी भाषा बदलली नाही.

नवरा लवकर गेला. त्या शहरात मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. त्यामुळे माझा आतेभाऊ मराठी शिकला तो एकट्या आईकडून, मशीनशेजारी बसून. "मी दमले", "मी जाते", सगळं हुबेहूब तिच्यासारखं. पुढे त्याला झुपकेदार मिशा आल्या, तो बस चालवायला लागला, तरी फोनवर म्हणायचा, "आई, मी निघाले गं."

आम्ही सुट्टीत तिकडे गेलो की पोट धरधरून हसायचो. शेवटी बाबा तिला म्हणाले, "ताई, अगं पोराला सुधार की आता."

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुझी नातवंडं काय म्हणतात रे? आलो म्हणतात की आले?"

नातवंडं, म्हणजे माझीच पोरं, 'हाय' म्हणायची.

आत्या गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी तिकडे गेलो. बेल वाजवली. आतून त्याचा जाडाभरडा आवाज आला, "आले, आले. दार मोडू नका."

मी उगाचच पुन्हा एकदा बेल वाजवली.