बेचाळीस पाकिटं वाँटन

हुआ पेइशंग म्हणजे वूशीत कालव्याकाठच्या कामगार वसाहतीतला, चौदा नंबरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा हुआ वस्ताद. बेअरिंगच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, त्यातली वीस फोरमन म्हणून. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण हा बाबा अजून सगळ्या वसाहतीला आपलं वर्कशॉपच समजत होता. कुणी सायकल तिरकी लावली की हा ती सरळ करणार. कुणाच्या बाल्कनीतून चादरीचं पाणी ठिबकलं की हा खाली उभा राहून शंख करणार. घरी बायको होती, लिंगदी. तिच्यावर ओरडायला जिने उतरावे लागत नसत, तेवढाच काय तो फरक.

लिंगदी रेशमाच्या गिरणीतली. उकळत्या पाण्यातल्या कोशांचे धागे उचलण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिच्या बोटांना गरम-गार काही लागत नाही असं वसाहतीतल्या बायका म्हणत, आणि तिच्यासारखे वाँटन, म्हणजे मांसाचं सारण भरून रश्श्यात वाढायच्या त्या पाऱ्या, कालव्याच्या दोन्ही काठांना मिळत नाहीत असंही म्हणत. हे सगळं वसाहतीला ठाऊक होतं, नव्हतं ते एकट्या हुआला. तो टेबलापाशी बसायचा, वाडगा पुढे आला की नाकाने वास घ्यायचा, आणि निकाल द्यायचा.

"पारी जाड झालीय."

"हं," लिंगदी म्हणायची.

"रस्सा पांचट आहे."

"हं."

मग दोन वाडगे रिचवून, ढेकर देऊन, वाडगा तिथेच टाकून हा बुद्धिबळाचा पट काखोटीला मारून खाली जायचा. एकेचाळीस वर्षांत त्याने तो वाडगा कधी उचलून मोरीत ठेवला असेल, तर मिशा उतरवून देईन. तशा मला मिशा नाहीत म्हणा.

तर झालं असं, की शेन्झेनला दिलेली त्यांची मुलगी शाओलेई बाळंत झाली. मुलगा. बाळंतिणीचे बेचाळीस दिवस सांभाळायला लिंगदीला जाणं भागच होतं. आमच्याकडे पोरीच्या बाळंतपणाला आई गेली नाही, तर लोक आईला नावं ठेवतात. हुआची ना नव्हती. त्याचा प्रश्न एकच होता.

"मी काय खायचं?"

 लिंगदी तीन दिवस पाऱ्या भरत बसली. डुकराचं मांस, सोडे, खारवलेल्या कंदाचा बारीक चुरा, सगळं चिमटीने पारीत घालून, दुमडून, टोकं चिकटवून, पीठ भुरभुरलेल्या ताटांत मांडून फ्रीजरमध्ये. गोठले की पंधरा-पंधराची पाकिटं. तीन खण गच्च झाले. बेचाळीस दिवस, बेचाळीस पाकिटं. सकाळी पेज तुझी तू कर, रात्री वसाहतीच्या म्हाताऱ्यांच्या कँटीनमध्ये जा, दुपारी हे.

"आणि हे संपलं की?" हुआने विचारलं.

"हे संपेपर्यंत मी येतेच की," ती चपला घालता घालता म्हणाली. बॅग तिनेच उचलली. हा दारात उभा राहून टॅक्सीवाल्याला गाडी कशी वळवायची ते तिसऱ्या मजल्यावरून सांगत होता.

पहिल्या दुपारी वस्तादांनी वाँटन केले. म्हणजे काय केलं, तर पाकीट आधी तासभर बाहेर काढून ठेवलं, "बर्फ सुटायला नको का?" असं स्वतःशीच म्हणून. पाऱ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या. तो गोळा त्याने कोमट पाण्यात सोडला, झाकण लावलं, आणि बातम्या बघायला गेला. परत आला तेव्हा पातेल्यात कणकेची खळ होती आणि तळाशी मांसाच्या गोळ्या.

"नीट चिकटवता येत नाही हिला," तो म्हणाला. घरात कुणी "हं" म्हणालं नाही.

त्याला कसंसंच झालं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या मजल्यावरच्या ताओला विचारायला गेला. ताओ विधुर, सहा वर्षं एकटा, चुलीपुढे बाईसारखा हात चालणारा. हुआचा बुद्धिबळातला रोजचा भिडू, आणि रोजचा शत्रू.

"अरे गाढवा, गोठलेले तसेच टाकायचे," ताओ म्हणाला. "पाणी खळखळून उकळलं की. डावाची पाठ तळाशी फिरवायची, म्हणजे चिकटत नाहीत. उतू यायला लागलं की वाटीभर गार पाणी ओत. असं तीनदा. वर तरंगले की झालं."

"आणि रस्सा?"

"रस्सा कुठला करतोस, रस्सा वाडग्यातच. चमचाभर चरबी, जरासा सोयासॉस, चिमूट मीठ, मिरी, सुकट, कागदासारखं वाळलेलं शेवाळ असतं ते फाडून. वरून पातेल्यातलं उकळतं पाणी. झालं! कारखाना काय चालवलास तू? पोरीबाळी ऑफिसातून येऊन पाच मिनिटांत करतात हे."

"मला माहीत होतं," हुआ म्हणाला. "तुझी परीक्षा घेत होतो."

पाच दिवसांत जमलं त्याला. पण जमलं म्हणून काय, घर खायला उठलं होतं. सकाळी जाग यायची ती खिडकीशी भाजी चिरल्याच्या आवाजाची वाट बघत. रिमोट सापडेना, की हाक मारायचा, "लिंगदी!" आणि मग जीभ चावायचा. आपल्याला करमत नाही हे मात्र तो मेला तरी कुणाला सांगणार नव्हता. फोनवर बायको विचारायची, "कसं चाललंय?" हा म्हणायचा, "मजेत. शांतता आहे घरात."

"हं," पलीकडून.

पाचव्या दुपारी फ्रीजर उघडून उभा असताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आता हा प्रकाश दुसऱ्या कुणाच्या डोक्यात पडला नसता, त्याला कारखान्यातलाच माणूस हवा. त्यांच्या काळी वर्षाचं ठरलेलं उत्पादन डिसेंबरऐवजी ऑक्टोबरात उरकलं की छातीवर कागदी लाल फूल, फळ्यावर नाव, ढोल-झांजा, आणि पुढच्या वर्षाचं काम दुसऱ्या दिवसापासून चालू. हुआच्या पाळीने सलग चार वर्षं मुदतीआधी काम उरकलं होतं. मग इथे अडचण काय? बायको म्हणालीय, हे संपेपर्यंत येते. तारीख तिने सांगितलेलीच नाही. संपवा की!

सदतीस पाकिटं उरली होती. त्याने ताओच्या दारावर थाप मारली.

"जेवायला ये."

ताओने चष्मा वर सरकवला. "बरं नाहीये का तुला? अकरा वर्षांत तू मला सूर्यफुलाची एक बी दिली नाहीस."

"येतोस की नाही?"

ताओ आला. सकाळी आला, दुपारी आला, संध्याकाळी आला. दर वेळी दोन पाकिटं उकळायची, एक ह्याचं, एक त्याचं. पातेल्यावर उभा राहून हुआ भाषण द्यायचा, गोठलेले तसेच टाकायचे, तीनदा गार पाणी, डावाची पाठ, जणू हे सगळं ह्यानेच शोधून काढलं होतं. ताओ मुकाट्याने खायचा. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"काय हात आहे लिंगदीचा! पारी बघ, डोळ्यापुढे धरली तर पलीकडचं दिसेल."

हुआने वाडग्यात बघितलं. पारी खरंच पातळ होती. एवढी पातळ की आतले सोडे गुलाबी दिसत होते. "बरी आहे," तो म्हणाला आणि नाक पुसलं. मिरी जास्त झाली होती म्हणे.

मग ताओने कशाला ही खादाडी म्हणून खोदून खोदून विचारलं, आणि हुआने आपली योजना सांगितली. ताओ हसता हसता खुर्चीवरून घसरला.

"अरे, बायको आहे ती, बेअरिंग नव्हे! तिला सरळ सांग ना, ये म्हणून."

"मी कशाला सांगू? शब्द तिने दिलाय."

"पोट फुगून मरशील, पण ते एक अक्षर तोंडातून काढणार नाहीस तू."

"तू खा गप्प."

बाराव्या दिवशी दुपारी शेवटचं पाकीट संपलं. दोघांना चालवत नव्हतं. हुआने मोकळे खण पुसून घेतले, केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि व्हिडिओ कॉल केला.

पडद्यावर लिंगदी दिसली. मांडीवर नातू, अंगात कसलातरी चाफ्याच्या रंगाचा नवा स्वेटर. गालांवर रंग चढला होता. मागून जावयाचा आवाज आला, "आई, बसा तुम्ही, भांडी मी घासतो." हुआने तो आवाज ऐकला आणि ऐकला नाही असं दाखवलं.

"संपले," तो म्हणाला.

"काय संपले?"

"वाँटन. सगळे."

"बेचाळीस पाकिटं?" लिंगदीने बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं. "पोट ठीक आहे ना, म्हाताऱ्या?"

मागे शाओलेई खिदळली. "बाबा, तू वाँटन विकायला बसलास की काय?"

हुआने ताठ मानेने वाट पाहिली. हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "तू म्हणाली होतीस, संपेपर्यंत येते."

लिंगदीने पडद्यात जरा वेळ निरखून पाहिलं. काहीतरी शोधत असावी. "म्हाताऱ्या, तुला काही बोलायचंय का?"

"बोललो की. संपले."

"बरं," ती म्हणाली. "बघते."

बघते म्हणजे येतेच! हुआने फोन ठेवला आणि ताओच्या पाठीत धपाटा घातला. पुढचे दोन दिवस त्याने घर असं घासलं, की शेजाऱ्यांना वाटलं भाडेकरू ठेवतोय. खिडक्या पुसल्या. चादरी बदलल्या. न्हाव्याकडे जाऊन मान खरडून घेतली. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून कँटीनच्या वाढपिणीपर्यंत प्रत्येकाला, कुणी विचारलं नसताना, "लिंगदी येतेय. करमत नाहीये तिला माझ्याशिवाय," असं सांगून झालं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, बाजारातून जिवंत मासा आणून बादलीत सोडला, ती आल्यावर तिने करावा म्हणून. तिने! चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून आल्यावर! त्यात काही वावगं आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. ताओ पटावर सोंगट्या मांडत बसला होता. हुआ धावला. धावला म्हणजे खरोखर धावला, एक चप्पल वाटेतच राहिली.

दारात कुरिअरवाला होता. पायाशी थर्माकोलचं खोकं, कमरेला लागेल एवढं. "हुआ पेइशंग? शेन्झेनहून. लगेच फ्रीजरमध्ये ठेवा, आजोबा."

खोकं आत ओढून दोघांनी चिकटपट्टी कापली. बर्फाच्या पिशव्या. त्यांच्याखाली पाकिटं. पंधरा-पंधराची, पीठ भुरभुरलेली, टोकं नीट चिकटवलेली, थरांवर थर. तळाला प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी होती, लिंगदीच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत.

'पाणी खळखळून उकळू दे. गोठलेले तसेच टाक. तीनदा गार पाणी घाल. ताओभाऊंना दे, एकटा बसून खाऊ नकोस. शाओलेईची रजा संपली की पुढेही बाळाला मीच बघणार आहे. हे संपले की कळव, आणखी पाठवीन.'

हुआने चिठ्ठी उलटी केली. मागे काही नव्हतं.

"लाव फोन," ताओ म्हणाला.

"कशाला?"

"लाव म्हणतो ना!"

त्याने लावला. या वेळी नुसता आवाज, चेहरा नको. लिंगदीने लगेच उचलला.

"पोचलं का खोकं? वितळलं नाही ना?"

"नाही." हुआने घसा साफ केला. "तू ये."

ताओने हातातला घोडा खाली ठेवला.

 लिंगदी म्हणाली, हळू, तिचा तो नेहमीचा सूर नव्हता. "का?"

हुआने तोंड उघडलं. समोर ताओ मान हलवून हलवून खुणावत होता, बोल, बोल. बोलायचं सगळं हुआच्या गळ्यापर्यंत आलेलं होतं. घर खायला उठतं. सकाळी जाग येते आणि आवाज नसतो. पारी पातळ होती, गं, एकेचाळीस वर्षं पातळच होती. मी डोळे फोडून घेतले होते. हे सगळं होतं, रांगेत उभं होतं.

"मासा आणलाय," तो म्हणाला. "बादलीत आहे. मला करता येत नाही."

लिंगदी थांबली. पुष्कळ वेळ थांबली, आणखी काही येतंय का म्हणून. बाळ रडल्याचं ऐकू आलं.

"ताओभाऊंना सांग, ते करतील," ती म्हणाली. "ठेवू?"

"ठेव."

ताओने पट उधळला. "तुझ्या तोंडाला एकच काम येतं रे, खायचं! माझी गेली, मला आज कुणाला फोन लावायची सोय नाही. आणि तू, लागलेल्या फोनवर मासा सांगतोस?" तो उठून गेला. मासा नेला नाही.

हुआने पाकिटं खणांत लावली. मग पाणी ठेवलं, एक पाकीट उकळलं, वाडग्यात चरबी, सोयासॉस, सुकट, शेवाळ, सगळं घातलं. एकही पारी फुटली नाही. वाडगा टेबलावर ठेवून त्याने फोन घेतला आणि बायकोला लिहायला बसला. 'तुझ्याशिवाय' एवढं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्याने वाडग्याचा फोटो काढला आणि तो पाठवून दिला.

वाँटन गार होईपर्यंत तो उत्तराची वाट बघत बसला. मग पडदा उजळला. लिंगदीने वर केलेला अंगठा पाठवला होता.