नावाडी जेवला, पण उठला नाही

आधीच कबूल करतो. माझ्या साडूंचा चार वर्षांचा खेळ मी एका खोट्या वाक्याने बुडवला. आणि साडू असे की, जगातल्या यच्चयावत देवांशी ज्याची जेवणाखाण्यापर्यंत ओळख आहे, असा माणूस कर्जत-खालापुरात दुसरा सापडायचा नाही.

मूळचे कळंबचे. पंचवीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. कांदे सोलता सोलता देशोदेशीच्या खलाशांकडून त्यांच्या देवांच्या गोष्टी ऐकायच्या आणि बंदरात उतरलं की त्या देवाला कोणता नैवेद्य चालतो ते विचारून यायचं, हा त्यांचा प्रवास. लोक परदेशातून अत्तरं आणतात, साडूंनी वह्या आणल्या. मग भिसेगावात स्थायिक होऊन पन्नाशीत संगणक शिकले आणि एकट्यानेच व्हिडिओ गेम करायला बसले. त्यात एक स्वयंपाकी जगभर फिरतो. प्रत्येक देशाच्या वेशीवर कुणीतरी उपाशी बसलेलं असतं आणि आवडीचं खाल्ल्याशिवाय वाट सोडत नाही. "देव लढाईनं खूश होतो हे कुणी सांगितलं वो? आधी जेवायला वाढा!" हे साडूंचं तत्त्वज्ञान. प्रत्येक पदार्थ आधी घरी करून बघायचे. जपानी देवाच्या कोल्ह्यासाठी त्यांनी सोयाबीनचं पनीर तळलं, तेव्हा आठवडाभर आम्ही सगळेच कोल्हे होतो. उत्तरेकडच्या कुठल्याशा देवाचा घोडा आठ पायांचा, त्याच्या टापांचा आवाज हवा म्हणून माथेरानला जाऊन त्यांनी दोन घोडे शेजारी शेजारी चालवले. घोडेवाला वैतागला, "काका, ही दोघं चावतात एकमेकांना. तुमच्या देवाचा घोडा सोताला चावतो का?" साडूंनी ते चावणंही रेकॉर्ड केलं. मेहुणी म्हणायची, "साऱ्या जगाचे देव जेवून गेले, आता माझा भात कधी शिजणार हाय?"

खेळ बाजारात आणण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो शेवटपर्यंत खेळून बघायला हवा होता. साडूंनी विश्वासाने मला सांगितलं. मी दुसऱ्या देशाच्या वेशीवरच अडकलो, कंटाळलो, आणि त्यांचा फोन आला तेव्हा बोलून गेलो, "शेवट बघून डोळ्यांत पाणी आलं!" तेवढ्यावर त्यांनी खेळ सगळ्यांसाठी खुला केला.

आठवड्यात तक्रारी आल्या. शेवटी मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी येतो. तो पोटभर जेवायचा आणि जागचा हलायचाच नाही. खेळणारे सगळे अलीकडच्या काठावर. साडूंना माझी शंकासुद्धा आली नाही, हेच मला खातं. उलट रोज फोन. "साडूभाऊ, तुमी एकटेच पार गेलात. काय वाढलंत वो त्याला? आठवा जरा."

"बहुतेक दहीभात," मी म्हणालो.

आणि तो भला माणूस प्रोग्रामच्या हजारो ओळी दहीभाताच्या बाजूने तपासत बसला!

शेवटी मेहुणीचा फोन आला. "खेळ काढून टाकतो म्हणतात. दोन दिवस चुलीपाशी फिरकले नाय. तुमीच समजवा."

मी तडक भिसेगावला गेलो. साडू पडद्यासमोर वही घेऊन बसले होते. मी चप्पलही काढली नाही. "नावाड्यापर्यंत मी कधी पोचलोच नाही. खोटं बोललो."

त्यांनी हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे शेवट आवडला असं कुणीच म्हटलं नाय अजून."

मला वाटलं होतं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं, दादा," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्यांना दादा म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. "मला माफ करा."